कबुतरखान्यावरची पाटी

केवडगाव संस्थानच्या शाळेत अच्युत मास्तरांनी शिकवलं, की प्राण्यांच्या जाती हळूहळू बदलत आल्या. झालं! राजेसाहेबांनी त्यांना भर दुपारी कबुतरखान्यात बोलावलं.

"देवानं जी जात जशी घडवली, ती तशीच राहते. शब्द मागे घ्या, नाहीतर आजच संस्थान सोडा!"

मास्तर ऐकत होते की नाही, कोण जाणे. जाळीतून ऊन झिरपत होतं, घुमण्याच्या आवाजानं डोळे जडावत होते, आणि मोरासारखी शेपटी फुलवलेली पांढरी कबुतरं स्वप्नातल्यासारखी तरंगत होती.

"ही कुठून आणली, सरकार?"

राजेसाहेब खुलले. "आणतोय कुठून! साध्या पारव्यांपासून मी घडवली. दर पिढीत भरघोस शेपटीची तेवढी निवडायची. पंचवीस वर्षं लागली! दारावरची पाटी नाही वाचलीत?"

"वाचली ना. 'ही नवी जात श्रीमंत राजेसाहेबांनी घडवली.'" मास्तरांनी बाहीवर उतरलेलं पीस अलगद फुंकरलं. "मी शब्द मागे घेतो, सरकार. फक्त आधी तेवढी पाटी उतरवायला सांगा."



पाटी काही उतरली नाही. मास्तर पुढं त्याच शाळेतून निवृत्त झाले.