तराजूने चुकवलेली जांभळी

दुर्पीच्या आईला आवाज होता, तेव्हा तो तीन वाड्यांवर ऐकू जायचा. "कल्हईऽऽ, भांड्यांना कल्हईऽऽ" अशी तिने वेशीवरून हाळी दिली, की घराघरातून बायका तांब्यापितळेची भांडी घेऊन बाहेर यायच्या. मग आई भट्टी पेटवायची आणि दुर्पी भाता हलवायची. भांडं तापलं, की आई त्यात नवसागराची चिमूट टाकायची, कथलाचा इवलासा ठिपका सोडायची आणि कापसाचा बोळा असा काही फिरवायची, की काळंकुट्ट पातेलं आतून लख्ख चांदीचं होऊन जायचं. दुर्पीचे बाबा ती रांगत असतानाच वारले होते. दोघींचं पोट त्या एका हाळीवर चालायचं.

आईने दुर्पीला एक खूण शिकवली होती. बाजारात लबाड माणसं कथलाच्या नावाखाली शिसं गळ्यात मारतात. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून कांडी कानाशी धरायची आणि हळूच वाकवायची. खरं कथील बारीक आवाजात कण्हतं, कुर्र, कुर्र. शिसं गप्प राहतं. "दुकानदाराच्या तराजूला वजन तेवढं कळतं," आई म्हणायची. "तू आपली कानाने ऐकत जा."

आणि मग आईच्या गळ्याला सूज आली. आधी लिंबाएवढी, मग पेरूएवढी. त्या उंच डोंगरात बऱ्याच बायांना ती यायची. लोक तिला गलगंड म्हणायचे आणि विषय बदलायचे. आईला भट्टीशेजारी बसूनही थंडी वाजायची. चार पावलं टाकली की धाप लागायची. आवाज घोगरा झाला, मग फाटला, आणि एका सकाळी ती दुर्पीला हाक मारायला गेली तर नुसतेच ओठ हलले. दुर्पी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने स्वतः हाळी देऊन पाहिली, पण तिचा एवढासा आवाज पहिल्या घरापर्यंतही पोचेना. भट्टी विझली. मडक्यात मूठभर नाचणी उरली. वैद्यबुवांनी गळा चाचपला आणि म्हणाले, "हिच्या अंगात काहीतरी कमी आहे. काय, ते मला ठाऊक नाही." खरं बोलले बिचारे, पण नुसतं खरं बोलून आईचा गळा थोडाच बरा होणार होता?

तुम्ही म्हणाल, आता परी येणार. येईल हो, जरा दम धरा. परी म्हणजे काय शेजारची मावशी आहे, हाक मारली की यायला?

दुर्पी रानात सरपण गोळा करायला गेली आणि रडत रडत वाट चुकली. करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या, तर पुढे एक बाग. पण काय बाग! छोटे छोटे चौकोनी वाफे, एकाशेजारी एक, एकाखाली एक, आणि सगळे रिकामे. मधोमध अंगठ्याएवढ्या पऱ्यांचा ढीग पडलेला. कुणी पिवळीधमक, कुणी गुलाबी तांबूस, कुणी रुपेरी, कुणी पोपटी धुक्याची, कुणी जांभळी. सगळ्या झगमगत होत्या आणि सगळ्या मुळुमुळु रडत होत्या. शेजारच्या दगडावर एक मोठी परी डोकं धरून बसली होती. तिच्या पंखांचा रंग पार उडाला होता.

"तूही इच्छा मागायला आलीस?" तिने मान वर न करताच विचारलं.

"परीबाई, मी वाट चुकले," दुर्पी म्हणाली. "या का रडतात?"

तेव्हा कुठे परीने मान वर केली. शंभर वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"बस, पोरी. सांगते. या त्रेसष्ट जणी म्हणजे मूलद्रव्यं. माती, पाणी, वारा, तुझं नाक, माझे पंख, सगळं यांच्यापासूनच बनतं. वादळाने यांची घरं विस्कटली. कुणाचं घर कुठलं, ते कुणालाच आठवत नाही. मी हात लावला तर या माझ्या बोटांतून निसटतात, माणसाच्या मुलानेच लावायला हव्यात. आजवर खूप मुलं आली. रडणं ऐकवेना, म्हणून कान झाकून पळाली."

"मी लावते," दुर्पी म्हणाली.

"नियम आधी ऐक. हा तराजू. हलकी आधी, जड नंतर. मावळतीपर्यंत सगळ्या लावल्यास तर तुला एक इच्छा. पण तराजूचा क्रम एकदा जरी मोडलास, तर इच्छा गेली, मग माझ्याच्यानेही ती देववणार नाही. आणि सूर्य बुडताना जी चुकीच्या घरात असेल, ती कायमची विझेल."

इच्छा हा शब्द ऐकला आणि दुर्पीला एकच आठवलं. आईचा आवाज. दुसरं काही नको. तिने परकराचा ओचा खोचला आणि कामाला लागली.

सगळ्यांत हलकी हायड्रोजन. ती तर तराजूत ठरेचना, उडायलाच बघत होती. मग एकेक करत दुर्पीने लांबच लांब ओळ लावली. रडणं काही थांबेना. उलट वाढलं. दुर्पीने कान झाकले नाहीत, लावून धरले. तेव्हा तिला एक गंमत कळली. लिथियम नावाची परी दवाचा थेंब दिसला की तडतडायची. तिच्यापुढच्या सहा जणींचे गुण अगदी वेगवेगळे, आणि मग पुन्हा एक दवाला बघून तडतडणारी, सोडियम. दुर्पीने ओळ तिथेच तोडली आणि सोडियमला लिथियमच्या खालच्या वाफ्यात नेऊन ठेवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गप्प झाल्या. बहिणी होत्या त्या, दुसरं काय.

मग दुर्पी तसंच करत गेली. आडवं जाताना वजन बघायचं आणि उभं उतरताना गुण बघायचे. तांब्याखाली चांदी आली, चांदीखाली सोनं आलं. कथलाखाली शिसं आलं, तेव्हा तर ती रडता रडता हसली, कारण त्या दोघींना ती घरापासूनच ओळखत होती. जस्तापुढे मात्र गाडी अडली. तराजू म्हणे, जस्तानंतर सोमल, म्हणजे आर्सेनिक. ठेवली, तर सोमल ऊर फुटेस्तोवर रडायला लागली. तिला ॲल्युमिनियमच्या खाली जागा मिळाली होती, आणि तिची बहीण होती दोन घरं पुढे, फॉस्फरस. दुर्पीने मधली दोन घरं मोकळी सोडली आणि सोमलला पुढे सरकवलं. रडणं थांबलं.

"अगं, ती दोन घरं रिकामी राहिली," परी म्हणाली.

"त्यांच्यातलं कुणी अजून आलं नसेल, परीबाई. पण घर त्यांचंच आहे."

तराजू हलला नाही. हलकी आधी, जड नंतर, हे मोडलं नव्हतं. अशी आणखी कितीतरी घरं दुर्पीने न आलेल्यांसाठी राखून ठेवली.

ऊन कलतं झालं. बाग जवळजवळ शांत झाली. एकच बारीक आवाज राहिला होता, कण्हल्यासारखा. ती जांभळी, आयोडीन. तिला गंधकाच्या कुळात जागा मिळाली होती आणि तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्या बहिणी शेजारच्या रांगेत होत्या, पोपटी क्लोरीन आणि तपकिरी लाल ब्रोमीन. दोघी तिच्याकडे हात पसरून उभ्या होत्या. आणि त्यांच्याखालच्या वाफ्यात बसली होती रुपेरी टेल्युरियम, तीही परकीच, पण मुकाट. दोघींची अदलाबदल केली की झालं. पण टेल्युरियम केसभर जड होती. दुर्पीने पुन्हा तोललं. तिसऱ्यांदा तोललं. तराजू ऐकेना.

"राहू दे, पोरी," परी हलकेच म्हणाली. "बासष्ट जणी शांत झाल्या की. तुझी इच्छा पुरी होईल."

"आणि या दोघी विझतील?"

परीने बुडत्या सूर्याकडे बोट दाखवलं.

आता काय सांगू तुम्हाला. मला हे सांगताना अजूनही वाईट वाटतं. दुर्पी त्या वाफ्यापाशी मटकन खाली बसली. तिला आईचे नुसतेच हलणारे ओठ दिसत होते. तिला इतकं हवं होतं, इतकं, की तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे कान झाकून बघितले. तरी ते कण्हणं येतच राहिलं, कुर्र, कुर्र, आणि ते खरं होतं. सूर्याची किनार डोंगराला टेकली. दुर्पीने टेल्युरियमला उचलून गंधकाच्या कुळात ठेवलं आणि जांभळीला तिच्या बहिणींखाली. तराजू काडकन मोडला.

"आये, मला माफ कर गं," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

बाग मात्र उजळायला लागली. एकेका परीच्या उरात टिकल्या लागल्या, हिरकणीसारख्या बारीक. हायड्रोजनच्या उरात एक. पुढे लिथियमच्या तीन. मोठी परी वाकून मोजत सुटली. जस्ताच्या तीस, आणि सोमलच्या एकदम तेहेतीस. मधल्या दोन आकड्यांची घरं रिकामी होती, अगदी जिथे दुर्पीने सोडली होती तिथेच. टेल्युरियमच्या बावन्न. आयोडीनच्या त्रेपन्न.

"शंभर वर्षं मी चुकीचा तराजू धरून बसले," परी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "खरा क्रम यांच्या उरात होता, वजनात नव्हता. तू बरोबर केलंस, पोरी. पण नियम मोडला तो मोडलाच. मला तुला काहीच देता येत नाही."

"कळलं, परीबाई," दुर्पी म्हणाली.

परीच्या पंखांत रंग भरले, निळे, केशरी, मोरपंखी. बागेवर उजेडाचा लोट उठला, आणि तो ओसरला तेव्हा तिथे परी नव्हती, वाफे नव्हते, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या होत्या. दुर्पी मोळी उचलून चालू लागली. घरी जाऊन आईला काय सांगायचं? हातात होती ती गोष्ट मी सोडून दिली, असं?

वेशीजवळ ओच्यात काहीतरी हललं.

"तू इथे कशी?" दुर्पी दचकली. "इच्छा तर गेली ना?"

"मी इच्छा नाही, मी पाहुणी आहे," जांभळी म्हणाली. "पाहुणी कुठेही जाते. माझं घर आता पक्कं आहे, मी कितीही वाटली गेले तरी संपत नाही. तुझ्या आईच्या अंगात जी कमी आहे ना, ती मीच. पावसाने मला या डोंगराच्या मातीतून कधीच धुऊन नेलं."

दुर्पीने मोळी खाली ठेवली. "मग तू विझली असतीस तर?"

"तर परीने तुझ्या आईला आवाज दिला असता कशातून?"

एवढं बोलून ती जांभळ्या धुरासारखी विरली आणि ओच्यात चिमूटभर चमचमतं मीठ राहिलं. दुर्पीने ते घरच्या मिठाच्या बरणीत मिसळलं. पहिला आठवडा गेला, काही झालं नाही. महिना गेला. शेजारणींनी उरलीसुरली नाचणी दिली आणि त्याही मान हलवून गेल्या. दुर्पी रोज आईच्या भाकरीवर चिमूटभर मीठ घालायची आणि रोज तिच्या ओठांकडे बघायची. ते अजूनही नुसतेच हलायचे. बरणी तळाला गेली, तेव्हा ती बघायचीही थांबली.

एका सकाळी ती थंड भट्टीतली राख काढत होती. मागे बारीकसा आवाज झाला, कुर्र. तिला वाटलं, कथलाची कांडी वाकली. पण कांडी तर कोनाड्यात होती. पुन्हा आवाज झाला, अडखळत, खरखरत, कण्हल्यासारखा. दुर्पी राखेचे हात तसेच धरून वळली.

"दुर्पे," आई म्हणाली. "भट्टी पेटव."