खिडकीशेजारची कानटोपी

ही गोष्ट मनालीच्या वाटेवर घडली की शिमल्याच्या, हे प्राध्यापक केळुस्करांना बरीच वर्षं नक्की सांगता येत नव्हतं. कडाक्याची थंडी होती आणि बस चंदीगडहून सुटायची होती, एवढं खरं.

त्यांच्या पुढच्या बाकावर इंदूताई खांबेटे बसल्या होत्या. शेजारी, खिडकीच्या जागेवर, नवऱ्याची कानटोपी होती. बर्फ बघायची हौस खांबेट्यांची; दोघांची नावं त्यांनीच नोंदवली आणि महिन्याभरात ते गेले. त्यांच्याऐवजी बहिणीला न्यावं म्हणून इंदूताई कचेरीत गेल्या, तेव्हा सहलीचे मालक हुद्दार छापील कागदावर बोट ठेवून म्हणाले होते, "नाव काढायला प्रवाशाची स्वतःची सही लागते. नियम म्हणजे नियम!"

तेच हुद्दार आता आपल्या मेहुण्यांना घेऊन बसमध्ये चढले. "वहिनी, ती टोपी उचला. जागा रिकामीच आहे, हे बसतील."

केळुस्करांना मध्ये बोलायचं होतं. पण नेहमीप्रमाणे शब्द जुळवण्यातच वेळ गेला.

"रिकामी कशी? तुमच्या यादीत ह्यांचं नाव आहे," इंदूताई म्हणाल्या. "काढायचं तर ह्यांची सही आणा. मला काही आणता आली नाही. तुम्हाला ते भेटलेच, तर तेवढं विचारा, टोपीवाचून थंडी वाजत नाही ना?"

मेहुणे मागच्या बाकावर जाऊन बसले.

पुष्कळ वर्षांनी हुद्दारांच्या मुलाने केळुस्करांना त्या सहलीची यादी दाखवली. सहल मनालीचीच होती. रोज सकाळी बस सुटताना हजेरी व्हायची. खांबेट्यांच्या नावापुढे सातही दिवस हुद्दारांच्या अक्षरात लिहिलं होतं : हजर.