माळावरची सुनावणी

एका जंगलात, ओढ्याच्या काठाने, एक रानडुक्कर राहत असे. वकिलीच्या पहिल्या वर्षाला नुकतेच येऊन बसलेल्या माझ्या मुलामुलींनो, कायद्याच्या तासाला डुक्कर कुठून आला म्हणून हसू नका. पर्यावरणाच्या कायद्याची सुरुवात मी दरवर्षी त्याच्यापासूनच करतो. तर या डुकराला चिखलात लोळण्याची भारी हौस. ओढ्याला बांध घालावा, पाणी तुंबवावे आणि उन्हाळाभर मनसोक्त लोळावे, असा बेत त्याने केला. हौसेच्या भरात काठावरचे काही धोंडे पाण्यात ढकललेसुद्धा. पण त्या जंगलाचा एक रिवाज होता. ओढ्याला हात लावायचा तर आधी सभा बोलवायची, ज्यांना झळ पोहोचेल त्यांना विचारायचे आणि मग हत्तीण आजी सांगेल ते मानायचे.

डुकराने कोल्ह्याला वकील नेमले. कोल्हा हुशार होता, हे मान्य करायलाच हवे. त्याने सभा ठेवली डोंगरावरच्या उघड्या माळावर, भर दुपारी. कावळ्याकडून दवंडीही पिटवली, पण माळावरच्याच एका वाळक्या झाडावरून. सभेला वानरे आली, ससे आले, घारही आली. ही सगळी मंडळी पाणी प्यायची ती डोंगरापलीकडच्या तळ्यावर. कोल्ह्याने करवंदांचा ढीग मांडून ठेवला होता. तो खात खात सगळ्यांनी सांगितले की बांध खुशाल घाला, आमचे काहीच म्हणणे नाही.

हत्तीण आजीने सभेवरून एकदा नजर फिरवली आणि मासे, बेडूक, खेकडे कुठे आहेत असे विचारले.

कोल्हा अदबीने म्हणाला, “आजी, दवंडी सगळ्यांसाठी होती. जे आले नाहीत, त्यांची हरकत नाही असंच धरायला हवं.”

“बरं तर,” आजी म्हणाली, “उद्याची सभा मोठ्या डोहाच्या तळाशी ठेवू. विषय एकच, कोल्ह्याचं बीळ बुजवावं की नाही. तू आला नाहीस, तर तुझी हरकत नाही असं धरू.”

वानरांना हसता हसता ठसका लागला. कोल्हा मात्र गप्प बसला. मला हा कोल्हा त्याबद्दल मनापासून आवडतो, कारण उत्तर नसताना गप्प बसणे पुष्कळ वकिलांना म्हातारपणीही जमत नाही. आजी उठली आणि सगळी सभाच घेऊन ओढ्यावर आली.

तिथे एक खेकडीण कपारीतून हळूच बाहेर आली. इतक्या मोठ्या जनावरांपुढे बोलायची तिला भीती वाटत होती. “धोंड्यांच्या खालच्या अंगाला माझी पिल्लं आहेत,” ती म्हणाली. “त्यांना अजून दूर जाता येत नाही. पाणी अडलं तर उन्हानं मरतील ती.”

डुकराला फार वाईट वाटले. तो मनाचा दुष्ट नव्हता, त्याने फक्त कोणाला विचारले नव्हते. तो काही बोलणार, इतक्यात ओढ्याच्या खालच्या बाजूने एक डुकरीण पिल्लांचे लटांबर घेऊन तणतणत आली. कालपासून पाणी आटत चाललेय, पोरे तहानलेली आहेत, आणि वर धोंडे टाकणारा हा शहाणा कोण, हे तिला आत्ताच्या आत्ता हवे होते.

डुक्कर हत्तीण आजीच्या पायामागे लपला. ती त्याचीच बायको होती.

आजीने निकाल दिला. ज्याने धोंडे टाकले, त्यानेच ते काढावेत. लोळायचेच असेल तर ओढा सोडून शेजारच्या दलदलीत लोळावे. आणि यापुढे प्रत्येक सभेचे बोलावणे कोल्ह्याने स्वतः घरोघर जाऊन द्यावे, मग घर पाण्यात का असेना. डुक्कर घामाघूम होऊन धोंडे काढत होता आणि डुकरीण काठावरून चुका दाखवत होती. शेवटचा धोंडा हलला तसे पाणी खळखळत खेकडिणीच्या कपारीत शिरले, आणि त्याच पाण्याला खाली डुकराच्या पिल्लांनी तोंडे लावली.

तात्पर्य : ज्यांच्या घराला झळ लागणार, त्यांच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय ‘कोणाचीही हरकत नाही’ असे म्हणू नये, त्यांत आपलेही घर असू शकते.