नागश्रीचा हात

फार वर्षांपूर्वी, कंकणपुरात अरिष्टसेन राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व त्या राज्यातील शेलवाटी नावाच्या लहान गावी एका कुंभाराच्या घरी धाकटा मुलगा म्हणून जन्मले. आईवडिलांनी त्यांचे नाव पूर्णक ठेवले. मातीत त्यांचा हात चांगला चाले, पण चार माणसे जमली की तोंडून शब्द फुटत नसे. गावातले लोक म्हणत, "पूर्णकापेक्षा त्याची मडकी जास्त बोलतात."

त्यांच्या आईचे नाव नागश्री. सोळाव्या वर्षी ती या घरात आली. पुढची बेचाळीस वर्षे माती आणायला जाण्यापलीकडे ती वेशीबाहेर फारशी गेली नाही. सासूची दृष्टी गेली, तेव्हा नऊ वर्षे तिने तिला हाताला धरून अंगणात फिरवले. कुठल्या वेलीला फूल आले, कुठल्या शेळीला करडू झाले, ते ती सासूला रोज सांगे. दोन्ही मुलगे जेवले की नाही हे तिला त्यांच्या आवाजावरून कळे.

त्या काळी बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी कुंभारांची रीत होती. पण चाकावरून उतरलेले मडके जाड आणि बसके असते. ते ठोकून ठोकून फुगवावे लागते. तिचा नवरा विशाख बाहेरून लाकडी थापीने ठोकी, आणि नागश्री आत हात घालून दगडी गोटा धरून बसे. आतला हात जरा हलला की भांडे गेलेच. ठोकून झाले की ती ओल्या तळव्याने मडक्याचे पोट आतून एकदा सारवी. तिच्या त्या हाताच्या अनामिकेला वरचे पेर नव्हते. त्यामुळे प्रत्येक मडक्यात चार बोटांचे वळ राहत, तीन लांब आणि एक आखूड.

विशाख कुरकुरे, "अगं, पुसून टाक ते वळ. गिऱ्हाईक हसेल."

"आत कोण बघतंय?" असे म्हणून ती पुढचे मडके ओढून घेई.

विशाख गेल्यावर थापी पूर्णकाच्या हाती आली. आतला हात तिचाच राहिला. थोरला मुलगा सोमदत्त कंकणपुरात कापडाचा व्यापार करू लागला आणि तिथल्याच मोठ्या घरचा जावई झाला.

एके वर्षी माघात नागश्रीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पूर्णकाला जवळ बोलावले. काही शेवटचे सांगणे असेल म्हणून ते वाकले. ती म्हणाली, "कालचा रांजण उन्हात राहिलाय. सावलीत घे, तडकेल." ते रांजण हलवून परत आले, तोवर ती गेली होती.

शेलवाटीत एक रीत होती. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी दिवेलागणीला गाव वेशीपाशी जमे. गावचा प्रमुख विचारी, "गेलेल्याने गावासाठी काय केले?" घरच्याने उत्तर द्यावे. ते गावाला पटले तर वेशीच्या कोनाड्यात त्याच्या नावाने दिवा लागे. विहीर खणणाऱ्याचा, धर्मशाळा बांधणाऱ्याचा दिवा लागे. ज्याचा लागत नसे, त्याचे लोक खाली मान घालून घरी जात.

त्या दिवशी सोमदत्त सासरच्या माणसांना घेऊन आला होता. त्याने भावाला बाजूला घेतले.

"काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"जे आहे ते म्हणजे काय? भाकऱ्या थापल्या हे सांगणार? हे बघ, मी वेशीबाहेर पाण्याचे टाके खोदून देतो. तू एवढेच म्हण, की आईने त्यासाठी दागिने काढून ठेवले होते. टाके खरोखर होईल, गावाला पाणी मिळेल, आईचा दिवा लागेल. यात कुणाचे वाईट आहे?"

"दादा, आईकडे दागिने कुठे होते?"

"ते तुला आणि मलाच ठाऊक आहे ना."

बोधिसत्त्वांना दिवा हवा होता. आईच्या नावाने वेस अंधारी राहावी हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. पण त्यांच्या मनात आले, दागिन्यांच्या बाईचा दिवा लागला, तर आपल्या आईचा लागायचा राहूनच जाईल.

गाव जमले. प्रमुख धर्मनंदी म्हणाले, "नागश्रीने गावासाठी काय केले?"

पूर्णक पुढे आले. "काही नाही," ते म्हणाले.

कुणीतरी खाकरले. सोमदत्ताने डोळे मिटून घेतले.

"तिने जे केले ते आमच्यासाठी केले," पूर्णक म्हणाले. "आजीसाठी, बाबांसाठी, आम्हा दोघांसाठी. गावाचा विचार तिने केला असेल असे मला वाटत नाही. तिला तेवढी सवडच नव्हती." नदीवरून पाणी घेऊन आलेल्या भद्राआजी गर्दीत उभ्या होत्या. पूर्णक त्यांच्याकडे वळले. "आजी, तुमची घागर जरा देता?"

"जपून रे. हे गुडघे घेऊन पुन्हा नदीवर जाणार नाही मी."

पूर्णकाने घागर धर्मनंदींसमोर ठेवली. "आत हात घाला."

धर्मनंदींनी बाही वर करून हात घातला. तो पाण्यात फिरला आणि एका जागी थांबला.

"तीन लांब," ते हळूच म्हणाले, "आणि एक आखूड."

"बाहेरून बाबांची थापी पडायची. आतून आईचा हात होता, म्हणून भांडे उभे राहिले. आमच्या घराचेही तसेच होते. मला एवढेच सांगता येते."

मग नदीवरून आलेल्या बायांपैकी एकेकीने आपापल्या घागरीत हात घातला. वेशीवर वाटसरूंसाठी ठेवलेल्या रांजणातही कुणी हात घालून पाहिला. भद्राआजी म्हणाल्या, "तीस वर्षं घासतेय मी ही घागर. मला वाटायचं, भाजताना चरे पडलेत."

सोमदत्तही रांजणापाशी आला. हात आत ठेवूनच त्याने विचारले, "तिचे बोट माहेरी तुटले होते ना?"

"तुला तसे सांगितले होते," पूर्णक म्हणाले. "तू दोन वर्षांचा होतास. खेळत खेळत मडकी भाजायच्या आव्यापाशी गेलास. तापलेला रांजण तुझ्यावर कलंडत होता, तो तिने हाताने अडवला, त्यात ते पेर गेले. तुला कळू द्यायचे नाही, असे तिने बाबांना बजावले होते. मलाही ते बाबांनीच सांगितले."

सोमदत्ताने बराच वेळ हात बाहेर काढला नाही. मग तो सासऱ्यांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी कुंभारणीचा मुलगा आहे. ही माझी आई."

धर्मनंदी म्हणाले, "चाळीस वर्षे मी या बाईच्या ओंजळीने पाणी पितो आहे. दिवा आणा."

दिवा सोमदत्ताने लावला. वेशीचे टाकेही त्याने पुढे खोदून दिले, पण ते स्वतःच्या नावाने. शेलवाटीच्या बाया मात्र त्या दिवसापासून मडके घेताना ते वाजवून पाहण्याआधी आत हात घालू लागल्या.

एका भिक्षूची आई दूरच्या गावी वारली होती. "तिने घर सांभाळले, दुसरे काही केले नाही," असे तो ओशाळून म्हणाला, म्हणून शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षू, त्या जन्मीचा सोमदत्त म्हणजे तूच. धर्मनंदी म्हणजे माझा शिष्य सारिपुत्त. नागश्री म्हणजे मला वाढवणारी माता गौतमी, आणि चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे तो पूर्णक म्हणजे मी. त्या जन्मी मी सत्य ही पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा गुण, पाळली. आईविषयीचे सत्य सांगताना, भिक्षू, मान खाली घालू नये."