पवळीची घंटा

मेंढ्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. कळपाच्या पुढं चालणारी पवळी मेंढी कड्यावरून पडून मेली. धनगरानं दरीत उतरून तिच्या गळ्यातली घंटा सोडून आणली आणि ठिपकी मेंढीच्या गळ्यात बांधली.

तिन्हीसांजेला त्याच कड्यापाशी पवळीची म्हातारी आई थबकली. “पवळी बोलावतेय बघ.”

“मावशी, तिची घंटा माझ्या गळ्यात आहे,” म्हणत ठिपकी श्वास रोखून उभी राहिली. गळ्यातली घंटा गप्प झाली. खाली दरीत मात्र घंटा वाजतच होती.

“ऐकलंस ना?” म्हातारीनं कड्याकडे पाऊल टाकलं.

“नाही गं मावशी!” ठिपकी धडधडीत खोटं बोलली आणि जोरजोरात मान हलवू लागली. त्या आवाजामागोमाग म्हातारी मुकाट्यानं धनगराच्या तळावर आली.

तेव्हापासून घंटेची मेंढी उभ्या जागीही मान हलवत राहते. थांबली, की तिला ऐकू येतं.