पाय न धुता आलेला प्रसाद

एका गावात, नदी वळते तिथल्या उंचवट्यावर, एक भरलेलं घर होतं. घरात सासूबाई होत्या, थोरली सून होती, धाकटा दीर होता आणि लग्नाची व्हायची एक नणंद होती. बाकी माणसं शेतकामाला सकाळी जात ती दिवेलागणीला परतत.

या घराची एक रीत होती. दाराशी पाण्याची घागर आणि तिच्यावर पालथा तांब्या. कोणीही येवो, पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकदा तालुक्याचे साहेब बूट घालूनच आत निघाले, तर सासूबाईंनी हसतमुखाने त्यांच्या हातात तांब्या दिला. साहेबांनी निमूट पाय धुतले आणि वर दोन कप चहा प्याले.

माजघरात, देवघराला लागून, सगळ्यांचा मिळून एक संगणक होता. सासूबाई त्यावर लांबच्या गावी दिलेल्या लेकीचं तोंड बघत. दीर गाणी ऐकत. थोरली सून कामं आटोपली की कीर्तनं लावी. आणि दुपारभर त्यावर नणंद बसे. ती साड्यांच्या काठांची नक्षी काढायची. शहरात विणकामाची एक मोठी शाळा होती. तिथे नक्षी पाठवायची, पसंत पडली तर प्रवेश. मोर आणि कोयऱ्या सगळेच काढतात म्हणून हिने काठावर शेवग्याच्या शेंगा उतरवल्या होत्या, पाटाचं पाणी उतरवलं होतं, ओल्या अंगणातली चिमणीची पावलं उतरवली होती. वर्षभराची तपश्चर्या होती ती. तिचा सगळा जीव त्यात होता.

संगणकाच्या कोपऱ्यात एक पहारेकरीही होता. त्याला अँटिव्हायरस म्हणत. तो बिचारा अधूनमधून विचारी, "नवी माहिती भरून घेऊ का?" ज्याचा हात माऊसवर असेल तो 'नंतर' दाबून मोकळा होई. दीर म्हणे, वहिनी करतील. वहिनी म्हणे, वन्सं करतील. वन्संना वाटे, दादाने केलंच असेल. सगळ्यांच्या विहिरीतला गाळ कोणीच काढत नाही, तशी गत.

नणंदेने एकदा सांगूनही पाहिलं होतं. "वहिनी, अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडू नका. संगणकालाही रोग होतो. व्हायरस म्हणतात त्याला. गोवरासारखा एकाचा दुसऱ्याला लागतो. आजारी संगणकात पेनड्राइव्ह घातला की तोही आजारी."

"अगं बाई," थोरली म्हणाली, "मग याला काही काढाबिढा?"

"पाजा की हळदीचं दूध," दीर म्हणाला, "पण बशीतून. नळीतून घेत नाही तो."

सगळे हसले आणि गोष्ट तिथेच राहिली.

चातुर्मास लागला. थोरली सून दर चातुर्मासाला एक नेम धरी. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी मुक्याने जेवली. या वर्षी तिने नेम धरला, की आलेल्या प्रसादाला नाही म्हणायचं नाही. नेमाला ती पक्की. शेजारणीने खारट झालेला शिरा सत्यनारायणाचा म्हणून दिला, तोही तिने डोळे मिटून खाल्ला, आणि वर "छान झालाय" म्हणाली.

एका सकाळी पूजा आटोपून ती कीर्तन ऐकत होती. तोच पडद्यावर एक निरोप उमटला. झेंडूची तोरणं, मधोमध देवीचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: 'देवीचा महाप्रसाद तुमच्या दारी आला आहे. उघडाल तर घरात भरभराट. न उघडाल तर घरावर संकट.' पाठवणाऱ्याचं नाव काही ओळखीचं नव्हतं.

कोपऱ्यातला पहारेकरी खूप दिवसांचा उपाशी होता, तरी क्षीण आवाजात बोललाच. 'हे धोक्याचं असू शकतं. तरीही उघडायचं?'

थोरलीला वन्संचं बोलणं आठवलं. हात थबकला. पण प्रसाद, आणि तोही देवीचा, आणि आपला तर नेम. ती उठली, हात धुऊन आली, डोक्यावरून पदर घेतला, माऊस उजव्या हातात धरला आणि मनोभावे 'तरीही उघडा' दाबलं.

घंटा वाजली. पडद्यावर फुलं पडली. मग एक चौकट उघडली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि कीर्तनकारबुवा अर्ध्या शब्दावर गप्प झाले. थोरलीने घाईघाईने संगणक बंद केला. "होईल आपोआप ठीक," असं पुटपुटत ती वाती वळायला बसली. पण त्या दिवशी तिच्या वाती काही सरळ वळल्या जाईनात.

दुपारी नणंद येऊन बसली. नक्षी पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. तिने संगणक चालू केला, आणि तिच्या शेंगा, तिचं पाणी, तिची पावलं, एकही उघडेना. नावं तेवढी उरली होती, तीही वेडीवाकडी.

"दादा," ती म्हणाली, "फुकटातली गाणी कुठून कुठून उतरवतोस ना? बघ काय झालं ते."

"मी आज हातही लावला नाही गं," दीर म्हणाला. पण त्याची ख्यातीच अशी, की त्याचं कोणाला खरं वाटेना. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "तुझी गाणी एक दिवस घर बुडवणार, हे मी म्हटलंच होतं."

नणंदेने डोळे पुसले. "असू दे. दर एकादशीला मी पेनड्राइव्हवर नक्कल काढून ठेवते. उपास वहिनींचा, नक्कल माझी." तिने फडताळातून तो काढला आणि संगणकाला लावायला वाकली.

थोरलीच्या हातातली वात तशीच राहिली. रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, हे वन्संचेच शब्द. आता तो पेनड्राइव्ह आत गेला की ती शेवटची नक्कलही जाणार. बोलावं, तर साऱ्या गावात सोवळी, नेमाची म्हणून मिरवणारी आपण, आपलीच फजिती. गप्प बसावं, तर भाऊजींवर आळ आहेच, कोणाला काही कळायचंही नाही. तिने देवघराकडे पाहिलं. समईची ज्योत शांत होती. देव काही बोलला नाही. बोलायचं तिलाच होतं.

"वन्सं, थांबा. तो आत घालू नका." "भाऊजींचा दोष नाही. सकाळी मी उघडलं. प्रसाद म्हणून आलं होतं."

नणंदेचा हात थांबला होता. पेनड्राइव्ह आणि संगणक यांच्यात बोटभर अंतर उरलं होतं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "वेळेवर बोललात म्हणून वाचलं. नाहीतर होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं." तिने आधी इंटरनेटची तार काढून टाकली, मग खाली बसून वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.

दीर मात्र खुशीत होता. "आज पहिल्यांदा घर मी बुडवलं नाही. लिहून ठेवा कुठेतरी."

नणंद पेनड्राइव्ह घेऊन गावातल्या शाळेच्या मास्तरांकडे गेली. त्यांच्या संगणकाने तो आधी तपासला आणि मगच उघडला. दिवस मावळायच्या आत नक्षी शहराकडे गेली. घरचा संगणक बाजारातल्या कारागिराने पाटी पुसावी तसा पुसून कोरा करून दिला. थोरलीची कीर्तनं गेली, दिराची गाणीही गेली.

संध्याकाळी थोरली सासूबाईंजवळ येऊन बसली. "आई, आता माझा नेम मोडू का?"

"नेम कशाला मोडतेस?" सासूबाई म्हणाल्या. "देवळातला गुरव प्रसाद देताना, 'घेतला नाहीस तर वाटोळं होईल' असं म्हणतो का कधी? हातावर ठेवतो. आपला गोड मानून घ्यायचा. धमकी देत येतो तो प्रसाद कसला? आणि चूक एकट्या तुझी नाही गं. तालुक्याच्या साहेबांना पाय धुवायला लावलं आपण. पण या पेटीत जो येतो तो तसाच चिखलाच्या पायांनी आत येतो, आणि दाराशी घागर ठेवायचं कोणालाच सुचलं नाही."

थोरलीच्या मनात ते घर करून राहिलं. तिने जुन्या नेमाला एक नवा नेम जोडला. गुरुवारी समई घासायला घेतली की आधी पहारेकऱ्याला नवी माहिती भरवायची, मग समई. 'नंतर' हे बटण तिने त्या दिवसापासून वर्ज्य केलं, वांग्यासारखं.

पुढे एकदा दिराचा मित्र लग्नाचे फोटो दाखवायला आला. घागरीवर पाय धुऊन, पेनड्राइव्ह हातात घेऊन तो माजघरात शिरला.

"पाय धुतले का?" थोरलीने विचारलं.

मित्राने आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं. "हे काय वहिनी, धुतले की."

"तुमचे नव्हेत. त्याचे." तिने पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. पहारेकऱ्याने तो तपासला. आत भलतंच काही दडलेलं निघालं. ते पुसलं आणि मग सगळ्यांनी मिळून फोटो पाहिले. मित्र जाताना म्हणाला, "आमच्या घरी पण एक घागर ठेवायला हवी."

तसाच महाप्रसादाचा निरोप पुन्हा आला. थोरलीने देवीच्या चित्राला मनोमन हात जोडले, निरोप न उघडता पुसून टाकला, आणि देवघरात जाऊन खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. नेम मोडला नाही.

दिवाळीनंतर नणंद विणकामाच्या शाळेत गेली. पहिल्या सुट्टीत येताना तिने स्वतःच्या हाताने विणलेलं एक कापड आणलं, संगणकावर घालायला. त्याच्या काठावर ना मोर होते, ना कोयऱ्या. ओळीने छोट्या छोट्या घागरी होत्या, आणि प्रत्येक घागरीवर पालथा तांब्या.

तात्पर्य: देवाच्या नावाने आलेलंही पारखूनच घरात घ्यावं, आणि चूक झालीच, तर ती लगेच सांगावी, म्हणजे दुसऱ्याची तपश्चर्या वाचते.