आवडीचं खोटं

तिवरबंदर हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं लहानसं गाव. सोमगिरी महाराज फिरत फिरत तिथे आले आणि धक्क्याजवळच्या पडक्या धर्मशाळेत राहिले. त्यांच्या पायांशी रोज सकाळी फुलं वाहायला येणाऱ्यांत आवडी नावाची एक विधवा होती. जाळी विणून ती पोट भरत असे.

तिच्या शेजारी मैनाआजी राहायची. आजीचा एकुलता एक मुलगा गोमाजी वादळात गलबतासह बुडाला. बातमी आली तेव्हा म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिने विचारलं, "बाय, माझा गोमा कधी येतो गं?"

आवडीच्या तोंडून निघून गेलं, "येतो आजी. वारा पडलाय, म्हणून गलबत अडकलंय."

मग रोज तोच प्रश्न आणि रोज नवं खोटं. आवडी आजीला पेज भरवायची आणि परसात जाऊन रडून यायची.

गावात वामनशास्त्री नावाचे विद्वान होते. त्यांच्या कानी हे गेलं. एका सकाळी भर धर्मशाळेत ते कडाडले, "मरणाऱ्या बाईशी खोटं बोलणारीची फुलं साधूच्या पायांवर? अगं, पोटच्या पोराला तिलांजली द्यायचा आईचा हक्क तू हिरावलास!"

"पेजेबरोबर थापाही भरवते!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

हसण्याचं आवडीला काही वाटलं नाही. पण शास्त्रीबुवांचा शब्द काळजात रुतला, कारण तो तिलाही खरा वाटत होता. "महाराज," ती कशीबशी म्हणाली, "मी पाप केलं का हो?"

महाराजांनी एकवार खाडीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"मीच जाऊन सांगतो म्हातारीला," म्हणत शास्त्रीबुवा निघाले. आवडी मागून धावली. "निदान हळू सांगा हो! जीव राहिलाय कुठे तिच्यात!"

दोघं झोपडीत शिरले आणि थबकले. कूस बदलायचीही ताकद नसलेली मैनाआजी भिंतीला टेकून बसली होती. सारवलेल्या जमिनीवर दारापासून अंथरुणापर्यंत ओली पावलं उमटली होती.

"बरं झालं आलात, शास्त्रीबुवा," आजी म्हणाली. "माझ्या गोमाला तिलांजली द्या."

आवडी तिच्याजवळ धावली. "आजी, तुला कुणी सांगितलं?"

"तोच येऊन गेला, बाय. चिंब भिजलेला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, आई, मी गेलो गं. म्हटलं, ठाऊक आहे रे मला. आवडीचे डोळे रोज सुजलेले दिसायचे. पण ती एवढा जीव तोडून खोटं बोलायची, मला कळलंय हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? एक साधू हाताला धरून घेऊन आला होता गोमाला. दारातच उभा राहिला बिचारा."

आजीने आवडीचा हात आपल्या गालाशी धरला. तसाच धरलेला असताना तिचा प्राण गेला.

शास्त्रीबुवांनी वाकून त्या पावलांना बोट लावलं, जिभेवर टेकवलं. पाणी खारं होतं!

दोघं धर्मशाळेत परतले. महाराज जागचे हलले नव्हते, सगळे साक्षीला होते; पण त्यांच्या कफनीतून समुद्राचं पाणी निथळत होतं.

आवडी रडत म्हणाली, "दारापर्यंत आणलंत, मग जिवंत का नाही आणलंत?"

महाराजांचे डोळे भरून आले. "बाय, जेवढं माझ्या हाती दिलं, तेवढंच आणलं गं."

शास्त्रीबुवा पुढे झाले. "मग धर्म कोणता, महाराज? खोटं बोलणं?"

"खोटं ते खोटंच," महाराज म्हणाले. "पण त्याचं ओझं हिने एकटीने वाहिलं, म्हातारीला त्याची झळ लागू दिली नाही. तुम्ही खरं घेऊन निघालात. ते आजीसाठी होतं की स्वतःसाठी, एवढं मनाला विचारा."

आजीला अग्नी दिल्यावर शास्त्रीबुवांनी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मायलेकांना तिलांजली दिली. बाहेर येऊन ते काठावर उभ्या महाराजांच्या पायांवर वाकणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले आणि आवडीकडे बोट केलं.

एवढा मोठा विद्वान, त्याने जाळी विणणाऱ्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं! आवडीला मात्र त्याचं भान नव्हतं. ओहोटीच्या पाण्यावर दूर दूर जाणाऱ्या तिळांकडे ती बघत उभी होती.